प्रणिताचा जबाब

७ जुलै, सोमवार
पोलीस ठाण्यात आज प्रणिता आली. बिलोलीकडची. डॉक्टर व्हायचंय म्हणून इथं लातूरला क्लास, परीक्षेचा दुसरा प्रयत्न. अठरा पूर्ण. एकटी आली याचंच कौतुक वाटलं. सकाळी क्लासला जाताना एक जण मोटारसायकलवरून रोज मागं येतो, काल ओढणी ओढली. गाडीचा नंबर तळहातावर लिहून आणलेला.
मी नेहमीचं केलं. क्लासची मुलगी आली की काही लिहिण्याआधी घरी फोन, ही आमच्या ठाण्याची रीत. तिच्यासमोरच वडिलांना सांगितलं, "काळजी करू नका." पोलिसाचा फोन आल्यावर बाप दुसरं काय करणार!

८ जुलै
वडील पहिल्या एसटीनं हजर. गावच्या शाळेत शिपाई आहेत. रिकामी बॅग घेऊनच आले. "मॅडम, डाक्टर न्हाई झाली तरी चालंल. पोरगी सुखरूप पाह्यजे." भांडले असते तर बरं. हात जोडून उभे राहिले.
जाताना प्रणिता म्हणाली, "मॅडम, तक्रार मी त्याची केली होती. तुम्ही माझीच केली."


१० जुलै
स्टेशन डायरी उघडली. 'मुलगी पालकांच्या ताब्यात दिली.' अक्षर माझंच. गाडीचा नंबर कुठंच नाही. एवढी हवालदारकी केली, आणि तो तळहात नुसता बघितला!
साहेबांना म्हटलं, गुन्हा दाखल करू. "मुलगी गेली ना? मग कशाला उकरून काढून राहिलात?"
सोडून द्यावं असं दोन मिनिटं मलाही वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.
माझ्या लहानपणी, भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. पोरीला एवढ्या लांब शाळेत धाडू नका, म्हणणारे ढीगभर. आईनं कुणाचं ऐकलं नाही. आज सारखी आई आठवतेय.

१३ जुलै, रविवार
साप्ताहिक सुट्टी. "जबाब घ्या, पण जबाबदारी तुमची," एवढं साहेबांकडून मिळवलं होतं. उदगीर, देगलूर करत दुपारी प्रणिताच्या गावी पोचले. साडी नेसून गेले. दारात जीप-वर्दी दिसली असती तर गावाला महिनाभर विषय.
वडिलांना सगळ्यात आधी सांगितलं, "फोन तिला विचारून करायला पाहिजे होता. चुकले मी." त्यांनी गडबडून खुर्ची पुढं केली. पोलिसाच्या तोंडून हे ऐकायची सवय नसावी. मलाही म्हणायची नव्हती.
प्रणिताला सगळं लख्ख आठवतं, गाडीचा नंबर तोंडपाठ. सांगत सांगत ठाण्यापर्यंत आली आणि अडखळली. "तुमचं बी सांगायचं?"
माझं पेन थांबलं. खरंच थांबलं. मग म्हटलं, "सांग."
तक्रार लिहून न घेता वडिलांना फोन केला, हेही माझ्या नावासकट, बक्कल नंबरासकट उतरवलं. वाचून दाखवलं. तिनं सही केली.
निघताना पोरीला जवळ घेतलं. वर्दीत असते तर जमलं नसतं. दोघीही रडलो. तिची आई म्हणाली, "आता च्या तरी घ्या," आणि मग तीही पदर डोळ्याला लावून आत गेली.

१५ जुलै
गुन्हा दाखल. नंबरावरून माणूस संध्याकाळपर्यंत सापडला. जामिनावर सुटेलच.
साहेबांनी जबाब वाचला. "बाई, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला तुम्ही. हे वरपर्यंत जाणार. चौकशी लागंल." लागू दे. भीती वाटते, पण लागू दे.
प्रणिताच्या वडिलांचा फोन नाही. क्लासवाले तिची जागा शनिवारपर्यंत ठेवतो म्हणालेत.

१७ जुलै, गुरुवार
फोन आला. "त्यो सुटला म्हनं?"
"हाव, सुटला."
"मग पोरगी धाडू का न्हाई? हमी लिहून देता का?"
हमी कशी देणार? म्हटलं, सकाळी ती क्लासला निघते तेव्हा त्या गल्लीत मी स्वतः उभी राहीन. रोज. बदली होईस्तोवर.
 त्यांच्या मागं प्रणिता काहीतरी हळू बोलत होती, ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "सकाळचं झालं मॅडम. ती दुपारी परतती. तवा कोन?"
उद्या ठाण्यात विचारून सांगते म्हटलं.