दुसरी खबर आलीच नाही

माधव भावजी,

वर 'प्रिय' लिहायचं असतं म्हणे, तुमच्या पोरानं सांगितलं. पण मी तुमाला उभ्या जन्मात कधी प्रिय म्हटलं नाही. आता मेल्यावर म्हटलं तर तुमीच घाबरून उठाल. म्हणून नुसतं भावजी.

परभणीहून तुमच्या पोराचा फोन आला, अप्पा गेले म्हणून. घरात रडारड सुरू झाली. मी रडले नाही. ओसरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसले. सून म्हणाली, "आत्याबाई, आत चला." मी म्हटलं, "थांब, दुसरी खबर यायची हाय." तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तिला काय ठावं तुमी याच्या आधी एकदा मेला होतात ते?

दहावा झाला, तेरावा झाला, तुमच्या नावाचं जेवण झालं. वांग्याची भाजी खारट होती. दुसरी खबर काही आली नाही. म्हणून हे लिहायलेय.

अक्षर वाकडं आहे, पण त्याचा दोष तुमचा. कॉलेजातून सुट्टीला आलात की चुलीतला कोळसा घ्यायचा आणि माझ्या सारवलेल्या भिंतीवर क, ख, ग काढायचा. मी भाकरी थापता थापता बघायची आणि हात धुऊन गिरवायची. सुट्टी संपली की माझी शाळा बंद. जोडाक्षरांपर्यंत आपण कधी नीट पोचलोच नाही. तेवढी सुट्टी तुमाला मिळाली कुठं?

निजामाचं राज्य, शाळा उर्दूची, आणि वालूरच्या कुणब्याचं पोर औरंगाबादच्या कॉलेजात! तुमच्या आई पाणवठ्यावर ते एवढ्या वेळा सांगायच्या की बाया घागर अर्धी भरून पळायच्या. आणि तुमी काय केलंत? शेवटचं साल, इम्तिहान तोंडावर, आणि जर्मनच्या लढाईसाठी इंग्रजांच्या फौजेत नाव घातलंत. का, तर शिकलेल्या पोरांना बिनतारीवर खबरा धाडायचं काम देतात आणि मुलूख बघायला मिळतो. इम्तिहान देऊन मुलूख बघितला असता तर मुलूख काय पळून जात होता?

तुमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचे उपकार, त्यांनी तुमाला सोडलं नाही. त्यांनी अट घातली. दर महिन्याला कॉलेजला एक कागद आला पाहिजे. कागद येतोय तोवर नाव पटावर राहील, लढाई संपली की येऊन इम्तिहानाला बसायचं. कागद चुकला की नाव काटलं.

मग काय, तुमचे कागद सुरू झाले. जबलपूरहून कॉलेजला कागद. तिथं काय खायला घालतात, सार्जंट कसा ओरडतो, कॉलेजच्या खानावळीतल्या वरणाची किती आठवण येते. हॉलात सगळ्या पोरांपुढं वाचायचे म्हणे. आणि घरी? कॉलेजच्या कागदाच्या शेपटाला एक ओळ, 'वालूरला खुशाली कळवावी.' म्हणजे आमच्या घरच्या माणसाची खुशाली आमाला औरंगाबादचा कारकून कळवणार!

रजेवर आलात तेव्हा मी तोंडावर विचारलं होतं. "भावजी, घरी लिहायचं म्हटलं की शाई आटते काय?"

तुमी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "वहिनी, तिथं न्हाई लिहिलं तर नाव काटतेत. घरचं नाव कोण काटतंय?"

मला लय राग आला होता. उत्तर मात्र सुचलं नाही.

ती रजा शेवटची होती. निघायला दोन दिवस होते, मग मुंबई, तिथून जहाज. सकाळी अंगणात तुमी उघड्या डोक्यानं भाकरी खात बसला होतात. शिकलेला माणूस, पण पानाकडं लक्ष नाही, झाडाकडं बघत बसलेला. कावळा आला, भाकरीवर झडप घातली, ती चुकली, आणि बसला थेट तुमच्या डोक्यावर. नुसता बसला नाही, टोचा मारून गेला.

सासूबाईंच्या हातातली दुरडी खाली पडली. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण बोलावलं, असं धरायचे आपल्यात. त्याला उपायही ठरलेला. लांबच्या सख्ख्या माणसाला खोटी खबर धाडायची, अमका गेला म्हणून. ते माणूस खरंखुरं रडलं की आलेलं मरण तिथंच फिटलं. मग दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस धाडायचा, खोटं हाय, जेवा आता म्हणून.

तुमी हसत होतात. पण आईपुढं तुमचं कॉलेज काय चालणार? दुपारच्या गाडीनं सेलू स्टेशनातून माणूस गेला पेडगावला, वन्संकडं. वन्सं रडल्या, आणि अशा रडल्या की शेजारची माणसं गोळा झाली. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस गेला, खोटं सांगितलं. वन्सं हसल्या, जेवल्या, पहिल्या माणसाला शिव्या दिल्या. सगळं रीतीप्रमाणं झालं.

एक चुकलं. वन्संचा दीर दत्तू तुमच्याच कॉलेजात शिकायला होता. सुट्टी संपवून तो पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला निघाला होता. त्यानं पहिली खबर ऐकली होती, दुसरी ऐकायला तो तिथं नव्हताच. आणि त्याला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमी रजेवर आलाय हे त्या गरिबाला ठाऊकच नव्हतं. फौजेतला माणूस गेला म्हणजे लढाईतच गेला, असं त्यानं धरलं, आणि कॉलेजात जाऊन तसंच सांगितलं, वर पदरचा मीठमसाला लावून.

मग तुमची शोकसभा झाली. ग्रुप फोटोतनं तुमचं तोंड कापून मोठं केलं, चौकट केली, हार घातला, हॉलात खिळ्याला लावलं. पटावरचं नाव काटलं, कॉलेजला सुट्टी दिली. आणि त्याच दुपारी तुमची मुंबईची गाडी औरंगाबाद स्टेशनातून गेली! तुमी खिडकीतून कॉलेजच्या दिशेनं हात केला होतात, हे मागाहून सांगितलंत. तिकडं सगळे तुमच्यासाठी रडायलेत आणि इकडं तुमी मी वाटेला बांधून दिलेले लाडू खायलात. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आमाला यातलं काही माहीत नव्हतं. पुढं महिना-दीड महिन्यानं कॉलेजचा कागद आला, उर्दूत, शिक्का मारलेला. पटवाऱ्याच्या मुन्शीनं वाचला. 'आपला बहादूर मुलगा गेला याचं कॉलेजला दुःख आहे.' सासूबाई जागच्या जागी बसल्या. तुमचे भाऊ, माझे मालक, भिंतीला टेकले. गाव गोळा झालं. तुमच्याकडून तर जहाजात चढल्यापासून घरी एक ओळ नव्हती. ती घरी यायची कधी, ती तर कॉलेजला जायची.

मी मुन्शीला विचारलं, "कॉलेजला कुणी सांगितलं, ते लिहिलंय का?" तो म्हणाला, "आपल्या घरच्या माणसांकडून समजलं, असं लिहिलंय." मी म्हटलं, परत वाचा. परत तेच. आमच्या घरच्यांनी सांगितलं? आमी कधी सांगितलं? आणि मग माझ्या डोळ्यापुढं तो कावळा आला.

मी हसले. भरल्या रडण्यात, सगळ्या गावापुढं. दोन बायांनी मला धरलं, पाणी आणा म्हणाल्या. मी सासूबाईंना हलवून म्हटलं, "अहो, ही तुमचीच खबर हाय. पेडगावला धाडलेली, औरंगाबाद फिरून घरी आली."

त्यांनी मान हलवली. खोटी खबर त्यांनीच धाडली होती, पण तिला शिक्का लागून आल्यावर त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. म्हणाल्या, "आणि खरंच गेला आसंल तर?" मला काय खात्री होती? हसू माझं तिथंच विरलं. त्या दिवसापासून त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

म्हणून औरंगाबादला गेले. मालकांना बरोबर घेतलं, पण ते नुसते पगडी दाखवायला. बोलायचं काम माझं. प्रिन्सिपॉलसाहेब उर्दूत बोलायचे, मला ते अर्धं कळायचं. म्हणून मराठी करून सांगायला कुणाला बोलावलं? दत्तूला! मी कावळ्याची हकीगत सांगितली. त्यात 'या येड्यानं दुसरी खबर यायची वाट बघितली न्हाई' हेही सांगितलं. ते त्यानं गाळलं. मी म्हटलं, "दत्तू, सगळं सांग." कानापर्यंत लाल होऊन त्यानं सांगितलं.

साहेब भला माणूस. पण म्हणाले, तुमच्या रीतीवर मी नाव परत कसं घालू? त्याचा एक कागद नंतर आला, पण लढाईतले कागद लय उशिरा पोचतात, माणूस गेल्यावरही येतात. तो कागद हॉलात वाचला तेव्हा सगळी पोरं रडली होती म्हणे, मेलेल्याचा शेवटचा कागद म्हणून.

मी म्हटलं, तो वाचा.

दत्तू वाचायला लागला. जहाज असं आहे, समुद्र तसा आहे. मग थांबला. मी म्हटलं, "वाच की." तो खाली बघून म्हणाला, "वहिनीचं हाय त्यात." मी म्हटलं, "मग तर वाच."

तुमी लिहिलं होतं, 'वहिनीनं निघताना दिलेल्या डिंकाच्या लाडवांत एवढी सुंठ होती की आमची पलटण दुश्मनाच्या आधी खोकल्यानंच पडंल.'

भावजी, कॉलेजभर माझ्या लाडवांची अशी अब्रू काढायची? पण त्या क्षणी मला ते लाडू सोन्याचे वाटले. मी साहेबांना म्हटलं, "हे लाडू मी कावळा बसल्यावर केले. पेडगावला खबर गेली दुपारी, डिंक तळला सांजंला. मेलेला माणूस माझे लाडू खाऊन वर नावं ठेवतो काय?"

दत्तूनं मराठीचं उर्दू केलं. साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. लाडू न खाताच. तुमचं नाव पटावर परत चढलं ते माझ्यासमोर. मी सासूबाईंना येऊन सांगितलं, त्यांनी पहिला घास खाल्ला आणि मग मला रागावल्या, "एवढी सुंठ कशाला घातलीस?"

फोटो मात्र साहेबांनी उतरवला नाही. म्हणाले, ज्याचा आहे त्यानं येऊन उतरवावा. लढाई संपल्यावर तुमी गेलात, इम्तिहान दिलात, पास झालात, आणि स्वतःचा फोटो स्वतःच खिळ्यावरून काढून वालूरला आणलात. साहेबांनी बजावलं होतं, ही चौकट कॉलेजची आहे, वेळ येईल तेव्हा परत धाडायची. तुमी मान डोलावली होतीत. तेव्हापासून तो फोटो माझ्या पेटीत आहे, नऊवारीच्या घडीत. त्यात तुमाला मिशीही नीट फुटलेली नाही.

आता मी काय करणार ते ऐका. मी फोटो पुसलाय. औरंगाबादला घेऊन मीच जाणार, पोराबाळांच्या हाती देणार नाही. जिवंत हाय म्हणून मीच सांगायला गेले होते, आता दुसरंही मीच सांगीन. लढाईला मिसर देशात होतात, तिथूनही तुमी एक महिना चुकवला नाही, आता एवढा शेवटचा निरोप मी चुकू देणार नाही. तिथं ओळखीचं कुणी नसंल, पण खिळा ठोकायला ओळख लागत नाही.

आणि त्या दिवशी तुमाला द्यायचं उत्तर मला आता सुचलंय. घरचं नाव कुणी काटत नाही हे खरं. पण म्हणून घरी लिहायचंच नाही, असं कुठं हाय?

जाण्याआधी डिंकाचे लाडू करीन. सुंठ तेव्हापेक्षा जास्त घालीन आणि ताट तुमच्या फोटोपुढं ठेवीन. दिवसभर वाट बघीन. तुमची तक्रार आली नाही, तरच ही खबर खरी धरीन, आणि मग रडायचं ते रडीन.

तुमचं नाव न काटणारी,
तुमची वहिनी
वालूर