धरावं, आवळू नये

अण्णा,

एक्केचाळीस हार्मोनियम केल्या मी, सागाच्या फळीला रंधा मारण्यापासून भात्याच्या घड्या चिकटवण्यापर्यंत. शिवाय सूर घासायच्या सात बारीक कानशी, आईचा पाट, आणि तुमची ती बुटकी बैठक, जिच्यावर तुम्ही रोज पहाटे डोळे मिटून बसायचात. कुणी शिकवलं नाही. पहिली जुनी पेटी विकत आणून उघडली, ती चार महिने बंद करता आली नाही. तुम्ही म्हणालात, "अहो कारागीर, निम्मं काम जमलं की!"

बैठकीचे चारही पाय मी कागदाच्या जाडीइतकेही कमीजास्त ठेवले नव्हते. पहिल्या दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत. "टाळूपासून सुरू कर. कपाळ, जबडा. कुठे आवळलंयस ते नुसतं बघ." मग डोळे न उघडताच म्हणालात, "खांदे खाली."

"खालीच आहेत."

"मग कानाला काय लागलंय?"

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. "येतं, जातं. धरून बसू नकोस," म्हणालात. मी चिडून उठलो. "धरल्याशिवाय कानस चालत नाही, अण्णा." तुम्ही तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. शांतपणे म्हणालात, "धरावी रे. आवळू नये."

तोच अंगठा दोन वर्षांपासून थरथरतो. वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या महिन्यात कसब्यातल्या एका आजींची पेटी आली. पंचम केसभर चढा होता. तो उतरवायला त्या सुराची पितळी पट्टी मुळाशी घासायची, आणि मुळाशीच ती नाजूक. कानशीचे दोन हात पुरे होते. थरथर थांबावी म्हणून मी मूठ आवळली, तिसरा हात बसला, पट्टी तुटली. तसलं पितळ आता मिळत नाही. आजी म्हणाल्या, "अहो, तेवढा सूर सोडून वाजवीन. माझे तरी दात कुठे सगळे आहेत?" त्यांनी रागवायला हवं होतं.

आता मी तुमच्या बैठकीवर बसतो. जबडा सुटतो, खांदेही उतरतात. उजव्या हाताशी आलो की पुढे सरकत नाही. सगळं बदलतंय हे बघितलं की मोकळं वाटतं, म्हणायचात. मी बघतोय. बदलतंय. मोकळं वाटत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा तळहात उघडा होता, आणि मी तो दाबून धरला होता. "सोडा आता," असं नर्सला दोनदा सांगावं लागलं.

एवढं लिहायला तीन दिवस लागले. अक्षर तुम्हाला लागलं नसतं. कागद बेचाळिसाव्या, अर्धवट पेटीच्या भात्याखाली ठेवतोय.

काल बुधवार पेठेतला एक दुकानदार आला होता. हत्यारं, लाकूड, ही पेटी, सगळं घेतो म्हणाला. मी फक्त खुर्चीत बसून त्याच्या माणसांनी लावलेले सूर ऐकायचे. "कान शाबूत आहेत ना, अहो? मग झालं." मी हात खिशात घालून उभा होतो, मूठ आवळून. सहा लाख चाळीस हजार म्हणाला. मी नाही म्हणालो.