डोळ्यांत थेंब घालणारी सुमन

प्रिय सुमन,

काल नव्या नंबरचा चष्मा मिळाला. डॉक्टर म्हणाले, आता लिहा, वाचा, काही हरकत नाही. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि लक्षात आलं, लिहायचंय ते तुलाच. तू गेल्यावर लोकांपाशी तुझ्याबद्दल खूप चांगलं बोललो. तुझ्यापाशी जे बोलायचं होतं, ते मात्र राहूनच गेलं.

हो, माझंही ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आता कसे सापडलात!"

रेल्वेत बदली होऊन भुसावळहून जयपूरला आलो, निवृत्तीनंतर मानसरोवरमध्ये फ्लॅट घेतला, तोवर तुझं हे थेंब घालणं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या कमलाजींचा डोळा झाला, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, झोटवाड्यात, तिला रोज येणं जमेना, म्हणून तू थेंब घालायला गेलीस. मग वरचे माथुरजी, बायको गेलेली, घरात एकटे. मग मागच्या गल्लीतलं कुणी ना कुणी. हात स्वच्छ धुवायचीस, पापणी अलगद खाली ओढायचीस आणि म्हणायचीस, "ऊपर देखो जी, पंख्याकडे." इतकी वर्षं इथे काढलीस, पण तुझं ते 'पंख्याकडे' काही हिंदी झालं नाही!

मी चिडायचो. "सरकारी दवाखाना उघडलायस का?" तू हसायचीस. "अहो, एका थेंबाला असा कितीसा वेळ लागतो?" तो एक थेंब सकाळ-दुपार-संध्याकाळ असायचा, महिना-महिना असायचा. गुडघे धरून जिना चढायचीस. हे तू कधी बोलली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारचं आता लिहितोच. पाऊस चांगला झाला होता, शहराबाहेरचं कानोत्याचं धरण भरलं होतं. ते बघायला जायचं म्हणून मी गाडी सांगितली, तू पुऱ्या केल्यास. आणि ऐन निघताना म्हणालीस, "माथुरजींचा दुसरा डोळा परवाच झालाय. दुपारचे थेंब घालून निघू या का?"

माझं डोकंच फिरलं. "तो जाओ, उन्हीं के घर रहो!" हिंदीत ओरडलो मी. इथे राहून राहून राग हिंदीत यायला लागला होता. दार उघडं होतं. माथुरजी जिन्यातच उभे होते. ते तसेच मागे फिरून वर गेले.

दुसऱ्या दिवशी तू वर गेलीस आणि लगेच परत आलीस. "म्हणतात, अब ज़रूरत नहीं, भाभीजी." त्यांच्या बोटांनी बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. मलाही होतं. आणि खरं सांगू? मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं! बायको दुपारची घरात होती. पण तू खिडकीशी बसून राहायचीस, हात मांडीवर ठेवून. मी काही विचारलं की तेवढ्यापुरतं उत्तर. का नाही भांडलीस माझ्याशी? एकदा तरी बोलायचं होतंस ना, की तुम्ही चुकलात!

त्याच हिवाळ्यात तुझं हृदय थांबलं. कानोत्याला जाणंही राहिलं.

ऑपरेशननंतर आपला निखिल सुट्टी काढून आला, त्याच्या परीने सगळं केलं, आणि पुण्याला परत गेला. मी आरशासमोर उभा राहून थेंब घालायला लागलो. गालावर पडायचे, नाकावर पडायचे, डोळ्यात काही पडेना. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात माथुरजी. मला बाजूला सारून आत आले, बेसिनपाशी हात धुतले, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "ऊपर देखिए, पंख्याकडे."

सुमन, मी लहान मुलासारखा रडलो गं. ते म्हणाले, "रोइए मत, दवा बह जाएगी."

मी कसंबसं म्हणालो, "माथुरजी, उस दिन मैंने जो कहा..."

"सुना था," ते म्हणाले. "बुरा लगा था. बहुत दिन तक लगा." मग विचारलं, "भाभीजी से माफ़ी माँगी थी?"

मी मान हलवली. नाही.

बाटलीचं झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला. दुपारी परत आले. चष्मा मिळेपर्यंत रोज येत राहिले.

त्यांनी मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. तुला तर आता विचारताही येत नाही. माझं चुकलं, सुमन. तुझा एवढासा आनंद मी एका वाक्यात बंद केला.

आज सकाळी समोरच्या इमारतीतल्या सावित्रीजींकडे गेलो होतो. सोमवारी त्यांचा डोळा आहे, मुलगा दिवसभर कामावर असतो. म्हटलं, थेंब घालायला मी येईन. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आप?"

हो, मी. विचारणारच ना त्या!

तुझ्यासारखं गोड बोलणं मला जमायचं नाही. थेंब पहिल्यांदाच डोळ्यात पडेल असंही नाही. पण रेल्वेत जन्म काढलेला माणूस आहे, वेळ चुकवणार नाही. कुणाचा डोळा बरा होईस्तोवर मध्येच सोडणार नाही, आणि कुणी जिन्यातूनच मागे फिरावं असं या घरातून पुन्हा बोललं जाणार नाही. हे वचन तुला देतो. तू असताना द्यायला हवं होतं.

तुझाच,
वसंत