कंदिलापुरतं नाक

बाभुळगाव, २१ फेब्रुवारी १९५९, शनिवार

आज दिवे लागल्यावर मले पाहाले पाहुणे येणार होते. आमच्यात सावळ्या पोरी कंदिलाच्या उजेडातच दाखवतात. माझं तर नाकही बसकं. म्हणून मावशीनं दुपारीच सराव केला. नाकाच्या दोन्ही बाजूंनी काजळ चोळलं, मधात पावडरची पांढरी रेघ ओढली. खोलीतल्या अंधारात, आरशात नाक खरंच धारदार दिसलं. पण कोणाचं होतं ते? माझं तर नाही.

अन् पाहुणे दुपारच्याच मोटारनं येऊन धडकले! बसले अंगणात, भर उन्हात. मी पोहे घेऊन गेली. मावशी मागून कुजबुजून राह्यली, "मान खाली ठेव." मुलाची आई वाकून वाकून पाहे.

"पोरीच्या नाकाले काय लागलं?"

"चुलीपाशी होती ना, काजळी लागली असंल," मावशी म्हणे.

बिचाऱ्या चुलीवर कायले आळ? मी म्हटलं, "काजळ आहे. नाक धारदार दिसावं म्हणून लावलं." रांजणापाशी गेली, साबण लावून खसखसून तोंड धुतलं, अन् तशीच ओल्या तोंडानं समोर येऊन बसली.

"हे माझं नाक. आता पाहा."

पोहे तसेच राह्यले. "कळवतो" म्हणून गेले. कळवत नाहीत, ठाऊक आहे मले.

मावशी अजून रडून राह्यली, आता हिले कोण करन? मी नाही रडली. बाबाले सांगून टाकलं, पुढच्या पाहुण्यांले दुपारचीच वेळ द्या.