विमान, राजे आणि हरवलेला 'न'

आदरणीय आसुमिंगमामांस,

भाचा यॉ बादू याचा कुमासीहून वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि तुमची ती भांडखोर टर्की, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मी धडधाकट आहे. माझं विमान नाही.

रिमोटवर उडणाऱ्या त्या विमानाला मी मोटर उत्तम घेतली, बॅटरी त्याहून उत्तम. रिसीव्हर (म्हणजे रिमोटचं ऐकून विमानाला सांगणारी काडेपेटीएवढी डबी) तेवढा बाजारातला सर्वांत स्वस्त. विमानांच्या क्लबातला फ्रिम्पाँग म्हणाला, "अरे, पंखांवर उधळतोस आणि कानावर काटकसर?" मी म्हणालो, "नुसतं ऐकायचं तर काम. त्याला अक्कल कशाला लागते?"

लागते, मामा. संपर्क तुटला की चांगला रिसीव्हर मोटर बंद करतो. माझा स्वस्तातला मात्र शेवटचा हुकूमच पाळत राहतो, आणि शनिवारी शेवटचा हुकूम होता 'पूर्ण वेग'. विमान बाजारावरून, चर्चवरून गेलं आणि भर दरबारात नानांच्या, म्हणजे आपल्या राजांच्या, अंगणातल्या आंब्यात अडकलं.

रिवाजाप्रमाणे नजराणा म्हणून श्नॅप्स दारूची बाटली घेऊन गेलो. नानांशी थेट बोलायचं नसतं, म्हणून माझ्या वतीने बोलायला शेजारच्या बोआडीला नेलं. (तुम्हाला ओबुआसीहून आणायचं तर गाडीभाडं पडलं असतं. तो एका वेळच्या फुफूच्या जेवणावर तयार झाला.) त्याला पढवलं होतं, "नानांनी विमान ठेवून न घेता परत द्यावं." दरबार बघून त्याची बोबडी वळली. मधला 'न' हवेत विरला, पुढच्या 'घेता परत द्यावं'चं 'घ्यावं' झालं आणि सभेला ऐकू गेलं ते एवढंच, "नानांनी विमान ठेवून घ्यावं."

नानांनी ठेवून घेतलं. त्यांच्या वतीने त्यांचे ओक्यामे, म्हणजे दरबारी प्रवक्ते, म्हणाले, "नाना प्रसन्न आहेत. फक्त पुढची भेट दारातून आणा."

फ्रिम्पाँग अजून हसतोय. हसू दे. चांगला रिसीव्हर मी आणलाय, महिनाअखेरच्या स्पर्धेत उतरणार आहे आणि तेही त्याच विमानासह. दुसरं बनवणार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
यॉ बादू

ता. क. दरबारात तुमच्या शब्दाला वजन आहे. येऊन माझी बाजू मांडाल ना? गाडीभाडं मी देईन. (मानधन तुम्ही घेणार नाही, हे गृहीत धरलंय.)

ता. क. दुसरा. सोबत तुमच्या कानातल्या यंत्राची बॅटरी पाठवतोय, दुकानातली सर्वांत महाग. हीच घालून या. मागच्या बारशाला बाळाचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलं, तर तुम्ही "थोडाच वाढा" म्हणाला होतात. आणि 'न' जरा मोठ्याने म्हणा.