उलटे लागलेले डबे

अप्पा, परवा तुमच्याच फलाटावर माझ्यामुळे आईचा जीव जाता जाता राहिला. मुंबईत तिच्या हृदयाचं ऑपरेशन, तिकीट एसीच्या बी-दोन डब्याचं. तिची चाकाची खुर्ची मी थेट पाणपोईपुढच्या तिसऱ्या खांबाशी नेली. एसीवाल्यांचं सामान तुम्ही तिथेच उतरवायचात. सोलापुरातल्या हमालाच्या लेकीला जागा कुणी दाखवायची? पाढ्यांआधी मला डबे पाठ होते: इंजिन, जनरल, स्लीपर, मग एसी. एकदा मी ते उतारूंसमोर घडाघडा म्हणून दाखवत होते आणि तुम्ही चारचौघांत डाफरलात, "पाट काय म्हणतीस? आदी गाडी बग की! डबे काय तुज्या बापाचे हायत?" लोक हसले.

परवा गाडी दिसायच्या आधीच लोक बोचकी उचलून पुढे पळू लागले. आईला आता नीट ऐकू येत नाही, कानाशी बोलावं लागतं. तिने माझा पदर ओढला, "कुटं पळालालेत गं लोकं?" मी म्हटलं, "पळू देत, आपली जागा हीच." आणि गाडी आली. इंजिनामागे एसी! बी-दोन माझ्या डोळ्यांसमोरून सरकत पार पुढे गेला. थांबा पाच मिनिटांचा. मी खुर्ची ढकलत सुटले, गर्दीत चाक अडकलं, आई छाती धरून वाकली. तेवढ्यात सिग्नल पडला. एका हमालाने तिला दोन्ही हातांवर उचलून समोरच्याच दारात चढवलं. मी दांडी धरली तेव्हा गाडी हलली होती. खुर्ची फलाटावरच राहिली. आईचे ओठ निळे पडलेले. एका बाईने बाक रिकामा करून दिला. तुम्ही हयात असतात तर तुमचाच हात धरला असता, इतकी मी घाबरले होते. श्वास जागेवर आल्यावर आई त्या बाईला सांगत होती, "ह्यांची जागा कदी चुकली न्हाई बगा. आज गाडीच उलटी आली की."

इथे हॉस्पिटलात नर्सलाही ती तेच सांगते. उद्या सकाळी तिला आत नेतील. त्याआधी तिला खरं सांगायचंय, म्हणून आधी तुमच्यापाशी सांगून बघतेय. डबे उलटे लागलेत, पुढे जा, असं लाउडस्पीकरवरच्या बाईने तीनदा पुकारलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं. "काय म्हणालालीय गं ती?" आईने विचारलं होतं. मी म्हटलं, "काही नाही, गाडी येतेय."