बाळ खोटं बोलतो असा दाखला

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, पत्र लिहिण्यावाचून आता माझ्या हातात दुसरं काही उरलेलं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलं असताना तुम्ही रोज माडीवरची खोली झाडायला चढता, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. (ती खोली कोणासाठी झाडून ठेवता तेही मला ठाऊक आहे. त्या विषयाकडे येते.) रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, याचा निकाल लागला का? आमच्याकडचं म्हणाल तर मी ठणठणीत. अजून कवळ्यांच्या लॅबमध्ये दात घासते, लोकांचे, तोंडाबाहेरचे. तुमचे बंधुराज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात, लिफ्ट दुरुस्त करून वर येतात, आणि अजूनपर्यंत तरी रोज घरी येतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन उतरू लागलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, आणि पोटात नळी घालून पाहिल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गव्हातलं ग्लूटेन म्हणून जे असतं ते या माणसाला विष आहे. कमी खा असं नव्हे. कणसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं, आणि तुम्ही उत्तर धाडलंत की आमच्या घराण्यात असले रोग नाहीत, तिकडचा गहूच वाईट असेल. (गहू सगळीकडचा सारखाच, वन्सं. आणि रोग काही घराणं विचारून येत नाही.) त्या दिवसापासून मी स्वयंपाकघर धुऊन काढलं. चिरायचा लाकडी पाट टाकला, लाटणं टाकलं, चाळण टाकली, कारण चाळणीच्या जाळीत पीठ दबा धरून बसतं. दुकानात पुड्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचून वाचून मला चष्मा लागला. गहू कुठे कुठे शिरलेला असतो म्हणून सांगू! सॉसमध्ये, सुपाच्या पाकिटात, साध्या चॉकलेटमध्येसुद्धा. आणि ग्लूटेन-फ्री पाव म्हणून जो विकतात, त्याला सुरी नुसती दाखवली तरी तो कोसळतो, आणि उरलेला तोंडात घातला की ओला पुठ्ठा. मीही गहू सोडला. मला काही झालेलं नाही, मी दगडसुद्धा पचवीन. पण एकाने पुठ्ठा चावायचा आणि दुसऱ्याने समोर बसून लुसलुशीत पाव खायचा, हा काही संसार नव्हे. एवढं करूनही गुण येईना. चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी बंधुराज भिंतीकडे तोंड करून पडलेले. काय झालं विचारलं की म्हणायचे, झोप आली. मी डॉक्टरीणबाईंशी भांडले, गोळ्या बदलून घेतल्या, नळाच्या पाण्यावरसुद्धा संशय घेतला.

आता सरकारचं सांगते. नवं सरकार आल्यापासून बाहेरून आलेल्यांची झाडाझडती चालू आहे. भिंतीभिंतीवर लिहिलंय की देश भरला, आता जागा नाही. (आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी पडली आहे. तिथल्या कुटुंबाला एका सकाळी घेऊन गेले. दाराबाहेर त्यांचं पायपुसणं तसंच आहे, आणि त्यावर पोराचा एक बूट. कोणी उचलत नाही. मीही उचललेला नाही.) घरमालकीण मला जिन्यात गाठून म्हणते, हे तुमच्याबद्दल नाही हो, तुम्ही चांगले, ते दुसरे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही ती हेच सांगायची. लॅबमध्ये माझ्या शेजारचं स्टूल रिकामं झालं. दाढा करण्यात त्या बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तिच्या वाटणीच्या दाढा मी करते, आणि जेवणाच्या सुट्टीत तिचा विषय कोणी काढत नाही, सगळे हवापाण्यावर बोलतात. मीही हवापाण्यावरच बोलते. बंधुराजांचं मत विचाराल तर ते परवापरवापर्यंत म्हणायचे, आपली कागदपत्रं चोख आहेत, कर नाही त्याला डर कशाला? मला संताप यायचा. पण आपल्या भाषेत बोलायला घरात एकच माणूस. त्याच्याशी किती म्हणून भांडायचं?

तर कर नाही त्यालाही बोलावणं आलं. इथे राहायचा परवाना माझ्या नोकरीचा आहे, आणि ते नवरा म्हणून माझ्या शेपटाला बांधलेले आहेत. पूर्वी मुदत टपालाने वाढायची. आता जोडप्याने समक्ष जायचं, वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, दोघांना तेच प्रश्न. उत्तरं जुळली तर लग्न खरं. कचेरीतल्या खुर्च्या जमिनीला खिळे मारून बसवल्या होत्या (कोणी पळवाव्यात अशा नव्हत्या). मला विचारलं, पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण निजतं, घोरतं कोण, बादलीचा रंग कोणता. मी फटाफट सांगत सुटले. शेवटी साहेबांनी विचारलं, नवऱ्याने काल दिवसभरात काय खाल्लं? झालं! हा तर माझा विषय. मी बाह्या सरसावून ग्लूटेन म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. साहेबांना चाळणीचं समजावलं. छाती पुढे काढून सांगितलं, की दोन वर्षांत माझ्या उंबऱ्याच्या आत गव्हाचा कण आलेला नाही, आणि ह्यांच्या पोटात तर नाहीच नाही, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

तिकडे दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, की खोटी माहिती देणाऱ्याची तत्काळ रवानगी होईल. ती वाचून तुमच्या बंधुराजांना जन्मात पहिल्यांदा खरं बोलायची बुद्धी झाली. काल काय खाल्लं? दोन बनपाव, लोणी लावून, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. रोज खाता? हो, रोज. आणि घरी? घरी बिस्किटं, गिझरच्या मागे ठेवलेली. बायकोला ठाऊक आहे? नाही साहेब, कृपा करून तिला सांगू नका.

मग दोघांना एका खोलीत बसवून साहेबांनी दोन्ही जबाब मोठ्याने वाचले. वन्सं, नवऱ्याचे उद्योग बायकांना शेजारणीकडून कळतात, खिशातल्या चिठ्ठीतून कळतात. मला सरकारकडून कळले, दुभाष्यासकट. ‘लोणी लावून’ हे शब्द कानावर आले आणि माझं भान सुटलं. मी चाळण काढली, चष्मा काढला, डॉक्टरीणबाईंशी झालेली भांडणं काढली, होता होता तुमच्यापर्यंत आले (क्षमा असावी, ओघात आलात). बंधुराज मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येमध्ये ‘अगं, हळू’ म्हणत होते. कुठल्याही शहाण्या माणसाने तिथल्या तिथे शिक्का मारला असता, की हे नवरा-बायको आहेत, जाऊ द्या यांना घरी. पण दुभाष्या बिचारा फार मागे पडला होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्याने साहेबांना एकच वाक्य सांगितलं, की पत्नी आहाराबद्दल नाराज आहे. साहेब तसे वाईट नाहीत. कोवळे आहेत, बोटात अंगठी नाही. त्यांनी शेरा मारला, की नवरा काय खातो हे जिला दोन वर्षं ठाऊक नाही, ती त्याच्यासोबत एका घरात राहते कशावरून? लग्नाचा दाखला खरा, याबद्दल त्यांना शंका नाही. शंका आहे ती संसाराबद्दल. मी म्हटलं, साहेब, जो नवरा बायकोपासून काहीच लपवत नाही तो बनावट समजा. ते दुभाष्याने सांगितलंच नाही. तो नुसता हसला.

परत येताना बसमध्ये मी दोघांची तिकिटं काढली. मग विचारलं, का रे? (पत्रात मी अहो-जाहो करते, घरात काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे.) तर म्हणाला, दुपारी मोटारीच्या खोलीत सगळे एकत्र खायला बसतात आणि सगळ्यांच्या हातात तोच बन असतो. मी डबा उघडला की विचारायचे, तुमच्याकडे असलंच खातात का, तुम्ही इथे कधीपर्यंत आहात? एक दिवस कोणीतरी बन पुढे केला, मी घेतला. त्या दिवसानंतर कोणी विचारलं नाही की तू कुठला. वन्सं, मला बसमध्ये रडू कोसळलं. एवढा मोठा माणूस, चौघांतला एक दिसावा म्हणून रोज दुपारी हसत हसत विष खात होता, आणि संध्याकाळी पोट दाबून माझा पुठ्ठा गोड मानून घेत होता. समोरच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे बघून उठल्या आणि दुसरीकडे जाऊन बसल्या.

आता महिनाअखेरपर्यंत आणखी पुरावा द्यायचा, नाहीतर त्यांना परत पाठवतील. मी राहू शकते, ते राहू शकत नाहीत. तूही ये की, असं तुम्ही म्हणाल. पण असा शेरा घेऊन बाहेर पडलं की हे दार पुन्हा उघडत नाही. आणि मी माझ्या हाताने इथे घर केलंय. मला कोणी हाकललं म्हणून जायचं नाही.

असो. काळजी नसावी. हे पत्र आपलं सहज, खुशाली कळवायला लिहिलं. गुडघ्यांना तेल लावत जा.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. सहज लिहिलेलं नाही. पुरावा म्हणजे दोघांना ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची लेखी साक्ष, आणि आई गेल्यावर ज्यांनी त्यांना वाढवलं त्या तुम्हीच. फार लांबण लावू नका. एवढंच लिहा, की माझा भाऊ खाण्याच्या बाबतीत लहानपणापासून खोटं बोलतो आणि घरच्या माणसाला पत्ता लागू देत नाही. (लग्नात माझ्या आईला तुम्ही सांगितलं होतंत की आमचा बाळ खोटं म्हणून बोलत नाही. ते मी कोणाजवळ काढणार नाही.) लोण्याच्या बरणीचं मात्र लिहाच. लोणी बाळाने संपवलं आणि तुम्ही मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आलात. बाळाच्या ओठाला लोणी लागलेलं तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, असं ते म्हणतात. मांजर पुन्हा परत आलं नाही, हेही लिहा.

ता. क. २. यापुढे हिंग पाठवू नका. त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मागची डबी मी वापरली नाही, पण टाकवतही नाही. कपाटात आहे. दार उघडलं की तुमच्या स्वयंपाकघराचा वास येतो.

ता. क. ३. तपासणीला माणसं कधीही येतील म्हणतात, म्हणून बिस्किटांचा पुडा गिझरमागे होता तिथेच ठेवलाय. जबाबाशी घर जुळायला हवं. मी रोज बघते. त्यांनी हात लावलेला नाही. दुपारी मोटारीच्या खोलीत जात नाहीत, खड्ड्यात एकटे बसून डबा खातात. डबा चाटूनपुसून परत येतो. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

ता. क. ४. वन्सं, साक्ष लिहिली नाहीत तर बाळ तुमच्याकडे येईल. हे मला कळतं, आणि तुम्हाला पत्राच्या मध्यावरच कळलं असणार. माडीवरची खोली झाडलेलीच आहे. तुमचं मन झालं नाही तर मी तुम्हाला बोल लावणार नाही (लावीन, पण पत्रात नाही). मग निदान एवढं करा. त्याच्यासाठी चाळण वेगळी ठेवा. भात चालतो, बटाटा चालतो, अंडं चालतं. आल्याबरोबर तो सांगेल की आता सगळं चालतं, डॉक्टरांनीच सांगितलंय. विश्वास ठेवू नका. एका तुकड्याने काय होतंय असं म्हणेल, तोंड पाहून तुम्हाला दया येईल, देऊ नका. आणि पोटात दुखलं तर तो सांगत नाही. डाव्या कुशीवर वळतो, भिंतीकडे तोंड करतो आणि म्हणतो, झोप आली.

झोप आलेली नसते. जवळ बसा.